क्लोझापाइन चालू असलेल्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलात त्याच्या गोळ्यांचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ रोज ३०० मिलिग्रॅम क्लोझापाइन, म्हणजे मानसिक आजारावरची गोळी, घेतो, दिवसाला बंडलभर विड्या ओढतो, आणि घरातली मोठी माणसं म्हणताहेत, "त्या गोळ्यांचं तिथे बोलू नका, घरी आल्यावर परत चालू करू." मी १६ वर्षं सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. हात जोडून सांगते, हे ऐकू नका.

लपवावंसं का वाटतं ते मला कळतं. मानसिक आजार म्हटलं की वॉर्डात कुजबुज सुरू होते, पोटात दुखतंय म्हणाला तरी "त्याचं डोकंच तसं आहे" म्हणतात. ते बघून माझा जीव तुटतो. पण गोळी लपवली की काय होतं तेही मी पाहिलंय.

अपेंडिक्सचा एक तरुण पेशंट होता. भरती करून घेताना मी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?" आई "नाही" म्हणाली आणि मी कागदावर तसंच लिहिलं. चौथ्या रात्री तो झोपेना, स्वतःशी बोलायला लागला. घाबरून आईनं पिशवीतली क्लोझापाइनची नेहमीची पूर्ण गोळी दिली. तासाभरात तो बाथरूमच्या दारात कोसळला, बीपी ८० वर. आम्ही पोटात रक्तस्राव झालाय का ते शोधत बसलो. थोडक्यात वाचला.

क्लोझापाइनला ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम परत द्यायचा नसतो. शरीराची सवय मोडलेली असते. बीपी कोसळतं, झटके येऊ शकतात. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीपासून हळूहळू चढवावं लागतं. त्यापेक्षा खंडच पडू देऊ नका. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतात तेव्हा घोटभर पाण्याबरोबर गोळी द्यायची का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा.

आता मी "गोळ्या आहेत का" एवढंच विचारत नाही. "झोपेची? डोक्याची? महिन्याला एखादं इंजेक्शन?" असं विचारते. महिन्याचं इंजेक्शन तर कुणी औषधात धरतच नाही.

विडीचं डॉक्टरांना मुद्दाम सांगा. विडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापाइन लवकर संपवतं. वॉर्डात विडी बंद झाली की तोच डोस काही दिवसांत रक्तात साचतो, पेशंट गुंगीत जातो, लाळ गळते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही आणि निकोटिनच्या पट्टीनंही डोस सांभाळला जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिकही रक्तातलं प्रमाण असंच वाढवतं. ते लिहून दिलं, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावायला सांगा.

मला सगळ्यात जास्त धास्ती बद्धकोष्ठाची वाटते, कारण संडासला झाली नाही हे कुणाला गंभीर वाटत नाही. क्लोझापाइन आतड्यांची हालचाल मंदावतं, त्यात ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ट्रामाडॉल मिळालं की आतडी आणखी सुस्तावतात. यातून माणसं दगावलेली आहेत. हर्नियात तर कुंथायलाही नको. त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागेल का ते विचारा, आणि रोज सकाळी भावाला विचारा, झाली का. पोट फुगलं किंवा उलटी झाली तर राउंडची वाट पाहू नका, लगेच सिस्टरला बोलवा.

ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायला सांगा. या औषधानं क्वचित पांढऱ्या पेशी फार उतरतात. जुने सीबीसीचे रिपोर्ट सोबत न्या.

भरतीच्या वेळी गोळीचं पाकीटच दाखवा, तोंडी नाव सांगू नका. क्लोझापाइन आणि क्लोनाझेपाम ही नावं ऐकायला सारखी, औषधं वेगळी. शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही केसपेपरवर लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर क्लोझापाइन आणि आताचा डोस आहे का, ते निघण्याआधी वाचा. घरी येऊन त्यानं विडी परत धरली तर रक्तातलं प्रमाण पुन्हा घसरेल, तेव्हा त्याच आठवड्यात त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून आणा.