कार्व्हर सोडून आणखी कोणत्या कृष्णवर्णीय संशोधकावर मुलाने पोस्टर करावं?

प्रश्नकर्ते न्यू जर्सीत राहतात, मुलगा सातवीत आहे, फेब्रुवारीत शाळेत ब्लॅक हिस्ट्री मंथचं पोस्टर करायचंय आणि कार्व्हरच्या पुढे नाव आठवत नाही, असं त्यांनी लिहिलंय. साहजिक आहे. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरात तो नात्यातलाच वाटतो. (कार्व्हरच करणार असाल तर पीनट बटरचा शोध त्याच्या नावावर लावू नका. तो त्याचा नाही.)

पाच चेहरे चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली ‘पहिला कृष्णवर्णीय अमुक’ लिहायचं, असं पोस्टर करू नका एवढंच माझं म्हणणं. त्यातून मुलाला काही कळत नाही. एकच माणूस घ्या: व्हिव्हियन थॉमस.

मी हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात परफ्युजनिस्ट होते. हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवायचं काम. सगळी नोकरी त्यात गेली, आता निवृत्त आहे. त्यामुळे या माणसाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, तो गोड मानून घ्या.

थॉमस सुतारकाम करणारा मुलगा. डॉक्टर व्हायचं म्हणून साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. 1930 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात सर्जन डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. काम संशोधनाचं, कागदोपत्री हुद्दा मात्र झाडूवाल्याचा, पगारही त्याच हिशोबाने. 1941 ला ब्लेलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला गेले तेव्हा त्याला बरोबर घेऊन गेले. तिथे वॉर्ड गोऱ्यांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे. पांढरा कोट घातलेला काळा माणूस कॉरिडॉरमधून जाताना दिसला की लोक थांबून बघायचे.

तिथे हेलन टॉसिग या डॉक्टरीणबाई जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांवर काम करत होत्या. या बाळांच्या फुप्फुसांकडे रक्त पुरेसं जातच नाही. टॉसिगबाईंना कानांनी नीट ऐकू यायचं नाही, त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून हृदय ओळखायच्या. फुप्फुसांकडे जास्त रक्त पोहोचवणारा नवा रस्ता करता येईल का, हा प्रश्न त्यांचा. तो रस्ता प्रत्यक्ष शोधला थॉमसने. हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडायची. पण त्याआधी कुत्र्यांमध्ये तसाच आजार तयार करावा लागला, मग तो दुरुस्त करावा लागला, सुमारे दोनशे कुत्र्यांवर. 29 नोव्हेंबर 1944 ला पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलोच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. एवढ्या लहान जिवासाठी हत्यारं मिळतच नव्हती. थॉमसने प्रयोगशाळेतलीच जुळवून दिली, सुया कापून घासून दिल्या. ब्लेलॉकनी ही जोडणी तोवर एकदाच केली होती, तीही थॉमसच्या हाताखाली. म्हणून त्यांनी त्याला बोलावून आपल्या मागे स्टुलावर उभं केलं आणि टाका कुठून घालायचा ते विचारत विचारत ऑपरेशन पार पाडलं.

ती मुलगी पुढे फार जगली नाही, पण त्यानंतर जगभर हजारो बाळं जगली. 1945 मध्ये शोधनिबंध आला, नावं ब्लेलॉक आणि टॉसिग यांची. थॉमसचा उल्लेख नाही. पुढे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला पडदा कापायची एक शस्त्रक्रियाही थॉमसच्या हातून बसली, तिला नाव पडलं ब्लेलॉक-हॅनलन. त्याच काळात घर चालवायला तो ब्लेलॉकच्या पार्ट्यांत पेयं वाटायचा. दिवसा ज्यांना टाके घालायला शिकवलं, त्यांचेच ग्लास संध्याकाळी भरायचे.

आता माझं. आमच्या विभागाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघाली. मधल्या पानावर सगळ्या टीमचा फोटो. खाली सर्जनची नावं, भूलतज्ज्ञांची नावं आणि शेवटी ‘व इतर कर्मचारी’. इतरांत मी, दोन सिस्टर आणि आमचे ओटीतले मामा. मामा म्हणजे थिएटरचे सगळ्यात जुने वॉर्डबॉय. नवा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आला की हात कसे धुवायचे, कुठल्या सरांना कुठला धागा लागतो, कुठली कात्री हातात आली की सर भडकतात, हे सगळं मामा शिकवायचे. आज मोठमोठ्या हॉस्पिटलांत बसलेले सर्जन मामांच्या ओरड्यावर तयार झालेत.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, चार नावं आणखी मावली असती. सर म्हणाले, “अहो, किती जणांची छापायची? उद्या कँटीनवाला येईल.” मी म्हटलं, कँटीनवाला मशीन बंद पडल्यावर हाताने क्रँक फिरवत उभा नसतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, ज्ञान वेगळं आणि हातखंडा वेगळा.” मी उठून आले. उत्तर सुचलं नव्हतं असं नाही, पण गॅलरीत दोन रेसिडेंट ऐकत उभे होते आणि सरांचा मान राखायची आम्हाला सवय. स्मरणिका घरी आणली तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून सगळी नावं वाचली आणि विचारलं, “तुझं कुठाय गं?” मी फोटोवर बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा नावांवरून बोट फिरवलं. मामांनी तर स्मरणिका उघडलीच नाही.

हातखंडा वेगळा! दोनशे वेळा रक्तवाहिनी जोडून, कुठे गळते, कुठे गुठळी होते हे ज्याला कळलं, त्याचं ते ज्ञान नाही तर काय? टॉसिगबाईंनी प्रश्न विचारला, ब्लेलॉकनी जबाबदारी अंगावर घेतली, दोघंही मोठीच. पण रस्ता कुणाच्या बोटांनी सापडला?

सरांवर अन्याय नको. मामांच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यांनी गुपचूप भरली होती. ब्लेलॉकही तसेच, थॉमस थिएटरात नसेल तर सुरुवात करायचे नाहीत, त्याच्या पगारासाठी व्यवस्थापनाशी भांडले. पण केबिनमधलं कौतुक केबिनमध्येच राहतं. कागदावर नाव हवं.

हॉपकिन्सने ते उशिरा दिलं. थॉमसकडे शिकलेल्या सर्जननी वर्गणी काढून त्याचं तैलचित्र करवलं, ते 1971 मध्ये ब्लेलॉकच्या चित्राजवळ लागलं. 1976 मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली, तीही कायद्याची, वैद्यकाची नव्हे.

एक लिहायचं राहिलं. मामांची किंवा माझी गोष्ट आणि थॉमसची गोष्ट एकाच तराजूत घालू नका. आम्हाला हुद्द्यामुळे वगळलं. त्याला कातडीमुळे, आणि त्याच्यावर अख्ख्या देशाचे कायदे बसले होते. हा फरक मुलाला आधी समजावा. आणि सातवीतल्या पोरांपुढे कुत्र्यांचा भाग बेताने सांगा, ॲना नावाची कुत्री बराच काळ जगली आणि तिचंही चित्र हॉपकिन्समध्ये लागलं, तेवढं पुरे.

तुम्हाला आणखी नावं हवीच असतील तर रक्तद्रव साठवून वापरायची पद्धत बसवणारे चार्ल्स ड्रू, मोतीबिंदूसाठी लेझरचं उपकरण काढणाऱ्या पॅट्रिशिया बाथ आणि सोयाबीनपासून हार्मोन बनवणारे पर्सी ज्युलियन बघा. तिघांवरही भरपूर साहित्य मिळेल, मी पुन्हा लिहीत नाही.

पोस्टरवर निळ्या बाळांच्या शस्त्रक्रियेचं नाव ‘ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग शंट’ असं लिहा (शंट म्हणजे रक्तासाठी केलेला तो नवा रस्ता). हल्ली बरेच डॉक्टर तसंच लिहितात. बाई म्हणाल्या की पुस्तकात दोनच नावं आहेत आणि थॉमस डॉक्टर नव्हता, तर मुलाने विचारावं की 1969 मध्ये माणसाला पहिलं कृत्रिम हृदय बसवणारे डेंटन कूली टाके घालायला कुणाकडे शिकले होते.