मे महिन्यात नागपूर ते पुणे बाईकने जायचंय, हायड्रेशन बॅग घेऊ की बाटल्या पुरतील?

तुमचा प्रश्न असा आहे की मेच्या शेवटी नागपूरहून पुण्याला बाईक न्यायचीय, ग्रुपवाले हायड्रेशन बॅग (पाठीवरची पाण्याची सॅक, जिच्या नळीतून चालता चालता पिता येतं) घे म्हणून मागे लागलेत, आणि तुम्हाला वाटतंय की दोन बाटल्या टाकल्या साईडला की झालं, उगाच खर्च कशाला. पाणी बाटल्यांतलंही पुरेल हो, पण तुम्ही ते पिणार नाही, खरा घोळ तिथे आहे.

बाटली कुठे असते? सीटमागच्या टेल बॅगमध्ये नाहीतर बंजीच्या रबरी दोरीखाली अडकवलेली. म्हणजे प्यायचं तर गाडी बाजूला घ्या, स्टँड लावा, ग्लोव्हज काढा, हेल्मेट काढा, बाटली सोडवा. रस्ता मस्त चालू असताना हे कोण करतं, आपण म्हणतो पुढच्या पंपावर थांबू, मग त्याच्या पुढच्या, असं करत करत नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटर घोटभर पाण्यावर निघून जातात. बॅगेत नळी तोंडापाशी असते त्यामुळे आठवण आली की घोट घेतला जातो. बॅगेचा फायदा एवढाच, पण मेमध्ये विदर्भात तो फार मोठा आहे.

कारण बाईकवर तहान लागल्याचं कळतच नाही. चालताना घाम आला की शर्ट ओला होतो, आपल्याला समजतं. बाईकवर वारा इतका असतो की घाम आल्या आल्या उडून जातो, जॅकेट कोरडं, तुम्हाला वाटतं घामच नाही. संध्याकाळी टी-शर्ट काढला की त्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेव्हा कळतं किती गेलं ते. आणि आपली कातडी साधारण ३५ डिग्रीच्या आसपास असते, हवा ४३-४४ असली की वारा थंड करत नाही, उलट गरम करतो, फक्त घाम उडतो तेवढाच गारवा. म्हणून काही लोक अकोल्याकडे मेश (जाळीचं) जॅकेट काढून नुसत्या टी-शर्टवर चालवतात ना, ते बरोब्बर उलटं आहे. दुपारी जॅकेट अंगावर पाहिजे, आतला टी-शर्ट पाण्यात भिजवून घालायचा, डोक्याला ओला दुपट्टा आणि त्यावर हेल्मेट. तुम्ही नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर निघताय तर हे करावंच लागेल.

आणि दुचाकीला समृद्धी महामार्गावर बंदी आहे, त्यामुळे तुम्ही जाणार जुन्या रस्त्याने, अमरावती, कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत. एका अर्थाने बरंच आहे, दर थोड्या वेळाने गाव येतं, रसवंती असते, पाणी मिळतं. म्हणून तीन लिटरची बॅग घेऊ नका. तीन लिटर म्हणजे तीन किलो, शिवाय बॅगेचं वजन, ७०० किलोमीटरच्या आसपास खांद्यावर. दोन लिटर बास. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं असं धरलं तर तीनेक तास निघतात, आणि तीन तास न थांबता चालवायचंच नाहीये.

आता वापरायचं कसं. नळी डाव्या खांद्यावरून घ्या. उजवा हात थ्रॉटलवर अडकलेला असतो, डावा हात सरळ रस्त्यावर क्लच नसला की मोकळा असतो. फुलफेस हेल्मेट असेल तर नळी हनुवटीच्या खालून वर घ्यायची, तिथे जो कापडी पडदा असतो तो उन्हाळ्यापुरता काढून ठेवा, नाहीतर दर वेळी झटापट होते. ज्या नळीचं तोंड काटकोनात वळलेलं असतं ती सहज आत जाते. नळीच्या तोंडाचा वाल्व्ह दातांनी दाबून पाणी ओढायचं, सवय होईपर्यंत पाणी जॅकेटवर सांडतं. घाटात, ट्रकच्या मागे, ओव्हरटेक करताना अजिबात नाही, समोर मोकळा सरळ रस्ता दिसला की दोन घोट आणि नळी परत क्लिपला.

नळीतलं पाणी उन्हात तापतं, पहिला घोट चहासारखा येतो. यावर सोपा उपाय म्हणजे पिऊन झाल्यावर नळीत फुंकर मारायची, पाणी मागे ब्लॅडरमध्ये (बॅगेतल्या पाण्याच्या पिशवीत) जातं आणि नळी रिकामी राहते. आदल्या रात्री ब्लॅडर अर्धं भरून आडवं फ्रीझरमध्ये ठेवा (पूर्ण भरू नका, बर्फ फुगतो), सकाळी वरून पाणी घाला, ऊन चढेपर्यंत तरी गार मिळतं. पुढे ढाब्यावर बर्फ मागून घेता येतो, म्हणून ब्लॅडरचं तोंड रुंद असलेलंच घ्या. भरल्यावर ब्लॅडर उलटं करून नळीने आतली हवा ओढून काढायची, नाहीतर पाठीवर दिवसभर डचमळत राहतं.

इलेक्ट्रॉलसारखं ओआरएस (मीठ-साखरेची पावडर) किंवा सरबत ब्लॅडरमध्ये घालू नका. साखर नळीत चिकटते आणि दोन दिवसांत आत काळी बुरशी धरते, ती साध्या धुण्याने निघत नाही. बॅगेत साधं पाणी आणि ओआरएस वेगळ्या बाटलीत, म्हणजे तुमची बाटली वाया जात नाहीये, तिचं काम बदललं एवढंच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतायचं नाही, आणि छोटी पाकिटं २०० मिलीची असतात, पाकिटावर बघून घ्या. मीठ पोटात जाणं गरजेचं आहे कारण घामातून तेही जातं, नुसतं पाणीच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं ऊन लागलं म्हणून तो अजून पाणी पितो. मेहकरला थांबून मीठ घातलेला मठ्ठा प्या, सोबत काहीतरी खा.

पोरींनाही हे सांगा, आणि खरं तर पोरांनाही, लघवीला कुठे थांबायचं या टेन्शनने बरेच जण मुद्दाम पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी उन्हाळी लागते. दीड-दोन तासांनी नीट टॉयलेट असलेल्या पंपावर थांबायचं हे आधीच ठरवा. लघवी गडद पिवळी दिसली तर आपण कमी पितोय, त्यासाठी वेगळं ॲप नको.

तोटेही आहेत. पाठीवर बॅग आली की मेश जॅकेटचा मागचा वारा बंद, पाठ चिंब होते. पट्टे थोडे सैल करून बॅगेचं बूड सीटवर टेकू द्या, खांदे वाचतात, मात्र छातीचा पट्टा लावलेला पाहिजे. बॅगेत पान्हा, कुलूप, ट्रायपॉड असलं कडक काही ठेवू नका, पडलात तर ते सरळ मणक्यात. मागे कोणी बसणार असेल तर पाठीवरची बॅग दोघांनाही छळते, मग ब्लॅडर पेट्रोलच्या टाकीवरच्या टँक बॅगमध्ये ठेवून नळी वर घ्या. मला तर एकट्याने जातानाही हल्ली तेच आवडतं, पाणी थोडं लवकर तापतं पण पाठ मोकळी राहते.

ही कल्पना मुळात एका सायकलवाल्याची आहे. १९८८ साली टेक्सासमधल्या १०० मैलांच्या शर्यतीत मायकेल आयडसन नावाच्या माणसाने सलाईनची पिशवी मोज्यात घालून पाठीला लावली होती, तो वैद्यकीय मदतनीस होता म्हणून त्याला सुचलं. त्यातून पुढे कॅमलबॅक झाली. आता कॅमलबॅकच पाहिजे असं काही नाही, डेकॅथलॉनचं घ्या, रायनॉक्सचं घ्या, किंवा घरात छोटी सॅक असेल तर नुसतं ब्लॅडर विकत घ्या, निम्मा खर्च वाचतो. ऑनलाईन एकदम स्वस्त मिळतात त्यातलं एक माझ्याकडे होतं, प्लास्टिकचा वास शेवटपर्यंत गेला नाही आणि नळीच्या जोडाशी गळायचं.

आणि राईडच्या आदल्या दिवशी मागवू नका. आलं की गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, वास जातो. मग काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, बाथरूममध्ये बादलीवर आडवं ठेवून वर एखादं जाडजूड पुस्तक ठेवा आणि सकाळी बादलीत बघा. थेंब दिसले तर लगेच परत पाठवा, मुदत असते तोवर.