उंदराला भास होतात हे कळतं कसं?

प्रश्न : माझ्या भावाला स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन चालू आहे. भाची फार्मसीला आहे, ती म्हणते अशी औषधं उंदरांना एलएसडी (भास घडवणारं ड्रग) देऊन तपासतात. खरंय का? – एक ताई, सिडको, नाशिक

उत्तर : हो ताई, खरंय. उंदराला काय दिसतंय ते तो सांगू शकत नाही, पण एलएसडी किंवा तसंच भास घडवणारं डीओआय दिलं की तो डोकं झटझट डावी-उजवीकडे झटकतो, कानात पाणी गेल्यावर कुत्रं झटकतं ना तसं, आणि ते झटके मोजतात. हे होतं सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या २ए रिसेप्टरमुळे (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, ते रसायन जिथे चिकटतं ती जागा). रिस्पेरिडोन, क्लोझापीन ही स्किझोफ्रेनियाची औषधं हाच रिसेप्टर अडवतात म्हणून झटके कमी होतात. पण औषधाने उंदीर नुसता पेंगला तरी झटके कमीच दिसणार, म्हणून त्याची हालचाल वेगळी तपासावी लागते, मला तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि झटके म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे हो, त्या आजारात डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचाही मोठा हात असतो, म्हणून ॲम्फेटामाइनसारखी डोपामिन वाढवणारी औषधं देऊन उंदरांची वाढलेली पळापळही बघतात. पार्किन्सनमधल्या भासांसाठी अमेरिकेत २०१६ला मंजूर झालेलं पिमाव्हॅन्सेरिन मुख्यतः याच २ए वर काम करतं. भावाच्या गोळ्या मात्र हे वाचून कमी-जास्त करू नका, डॉक्टरांना विचारा.