अपडेट अर्धवट राहिलं, लॅपटॉप उठेना

बायोस म्हणजे लॅपटॉप चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला प्रोग्राम. या महिन्यात त्याच्या अपडेटवरची पत्रं बरीच आली. एकमेकांना जोडून येणारी चार इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (सांगली) : लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेली आहे, तो थेट अडॅप्टरवर चालतो. बायोस अपडेट निम्म्यावर असताना लाइट गेली. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, एक दिवा लुकलुकतो, पण स्क्रीन काळीच. मदरबोर्ड गेला का?

उत्तर : बहुधा नाही. बायोस ज्या चिपमध्ये असतं ती आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती १६ एमबीची असते. अपडेट होताना तिचा एकेक तुकडा आधी पुसला जातो आणि मग त्यावर नवं लिहिलं जातं. लाइट गेली तेव्हा चिपमध्ये थोडं नवं, थोडं जुनं आणि मध्ये एखादा कोरा पट्टा राहिला. चिपला काही झालेलं नाही, तिच्यातला मजकूर अपुरा आहे. कंपन्या सुरुवातीचा छोटा भाग, म्हणजे बूट ब्लॉक, शक्यतो सांभाळून ठेवतात. उरलेला मजकूर जुळत नाही हे त्याच्या लक्षात आलं की तो हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर चांगली प्रत शोधतो. ती प्रत त्याच्यासमोर ठेवणं एवढंच तुमचं काम.

आधी अडॅप्टर लावून अर्धा तास लॅपटॉपला हात लावू नका. काही मॉडेल दोन-तीनदा आपणहून बंद-चालू होऊन स्वतःला सावरतात. डीडीआर५ मेमरीच्या लॅपटॉपमध्ये तर अपडेट नीट झालं तरी पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, कारण मेमरीची जुळणी नव्याने होत असते. घाबरून बटण दाबून ठेवणारे लोक इथेच चांगल्या अपडेटचा घोटाळा करतात. त्याने उपयोग झाला नाही तर अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून ठेवा आणि पुन्हा जोडा.

मग दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरीचा दिवा आधी नारिंगी, मग पांढरा लुकलुकतो. २ नारिंगी, २ पांढरे म्हणजे बायोसच बिघडलंय. २ आणि ३ असेल तर रॅम सापडत नाही, २ आणि ७ असेल तर दोष स्क्रीनचा, आणि या दोन्ही वेळी बायोसच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ३ आणि ३ म्हणजे बूट ब्लॉकने प्रत शोधली पण मिळाली नाही. ३ आणि ४ म्हणजे मिळाली, पण चुकीची होती. एचपीमध्ये हेच काम बहुधा कॅप्स लॉकचा दिवा करतो. त्याचा अर्थ तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

आता पेनड्राइव्ह. ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि दुसऱ्या संगणकावर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह साधारण एक्सफॅटमध्ये येतात आणि बूट ब्लॉकला ते वाचता येत नाही. पेनड्राइव्ह लावूनही काहीच होत नाही, या तक्रारीत पुष्कळदा एवढंच निघतं.

कंपनीचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून तिन्ही सांगतो. एचपी असेल तर खालच्या स्टिकरवरच्या प्रॉडक्ट नंबरवरून नेमकं बायोस उतरवा. नुसत्या ‘पॅव्हिलियन १५’ या नावावर जाऊ नका, त्या नावाखाली कितीतरी वेगवेगळे बोर्ड आहेत. उतरवलेली फाइल चालवली की रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवण्याचा पर्याय येतो. पेनड्राइव्ह लावा, विंडोज आणि बी ही बटणं एकत्र दाबून धरा, त्याच वेळी पॉवर दोन-तीन सेकंद दाबून सोडा. विंडोज-बी मात्र बीप ऐकू येईपर्यंत किंवा स्क्रीन उजळेपर्यंत सोडायची नाहीत. नाही जमलं तर बीच्या जागी व्ही.

डेलमध्ये उतरवलेल्या फाइलला ‘बायोस_आयएमजी’ असं नाव आणि ‘आरसीव्ही’ असं एक्स्टेन्शन (नावातला टिंबानंतरचा भाग) द्यायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे पुष्कळदा शेवटी जुनं ‘ईएक्सई’ तसंच चिकटून राहतं आणि मग वर सांगितलेला ३-३चा कोड येतो. एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसतील असं करून मगच नाव बदला. फाइल थेट पेनड्राइव्हवर ठेवा, कुठल्याही फोल्डरमध्ये नको. अडॅप्टर काढा, कंट्रोल आणि एस्केप दाबून धरा, तशातच अडॅप्टर जोडा आणि रिकव्हरीची स्क्रीन आली की बोटं उचला. लेनोव्होत एकच एक रीत नाही. अलीकडच्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये राखीव प्रत आतच असते, त्यामुळे अडॅप्टर लावून वाट पाहणं हाच पहिला उपाय.

हे सगळं करताना लाइट पुन्हा जाणार नाही याची सोय हवी. इन्व्हर्टर असेल त्या बोर्डावर जोडा.

प्रश्न (ठाणे) : पेनड्राइव्हने काम झालं नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड बदला. मित्र म्हणतो नेटवरून बिन फाइल (दुसऱ्या लॅपटॉपच्या चिपमधल्या मजकुराची प्रत) घेऊन चिपवर मारून टाकू. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. बोर्ड बदलण्याआधी चिप-लेव्हल काम करणाऱ्याला, म्हणजे बोर्डावरची एकेक चिप दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा. मित्राचा मार्ग बरोबर आहे, पण त्यातली एक पायरी राहून गेली आहे. चिपमध्ये आत्ता जे आहे ते आधी पूर्ण वाचून ठेवायचं.

कारण त्या १६ एमबीत एकटं बायोस नसतं. लॅपटॉपचा सीरियल नंबर, विंडोजची कंपनीने घातलेली की, काही बोर्डांवर लॅनचा पत्ता आणि इंटेलच्या यंत्रांत मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या आतल्या छोट्या नियंत्रकाचा) भाग, हे सारं तिथेच असतं. परक्याची फाइल जशीच्या तशी मारली तर लॅपटॉप चालू होईलही, पण तो कागदोपत्री दुसऱ्याचा होतो आणि विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. मॅनेजमेंट इंजिन जुळलं नाही तर पंखा जोरात फिरत राहतो, आणि कित्येक यंत्रं बरोबर ३० मिनिटांनी बंद पडतात. ‘दुरुस्त करून आणला, अर्ध्या तासाने बंद पडतो’ ही तक्रार ऐकली की पहिला संशय याचाच घ्यावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचण्या-लिहिण्याचं यंत्र) आणि आठ पायांची क्लिप हजार रुपयांच्या आत येते. मात्र त्याच्या प्रसिद्ध काळ्या बोर्डात एक खोट आहे. चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. त्यात चिपवरचा नंबर भिंगातून वाचल्याशिवाय क्लिप लावू नये. विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू१२८जेव्ही असेल तर ती ३.३ व्होल्टची. शेवटी जेडब्ल्यू किंवा एफडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. दिसायला अगदी सारख्या, पण दुसरीला वेगळा अडॅप्टर लागतो, नाहीतर ती जळू शकते.

अडॅप्टर काढा, बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून उपटा, मग क्लिप लावा. क्लिपच्या लाल तारेची बाजू चिपवरच्या ठिपक्याच्या पायाशी. तीन वेळा वाचा आणि तिन्ही फाइलींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवून बघा. चिप १६ एमबीची असेल तर प्रत्येक फाइल नेमकी १,६७,७७,२१६ बाइटची हवी. उघडल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ-एफएफ दिसलं तर चिप कोरी आहे असं समजू नका, बहुतेक वेळा क्लिप टेकलेली नसते. हॅश दर वेळी वेगळा येत असेल तर बहुधा क्लिपमधली वीज बोर्डाच्या बाकी भागात झिरपतेय. अशा वेळी चिप हॉट एअरने काढून वाचावी लागते, आणि ते काम ज्याचा हात बसलाय त्यालाच करू द्या.

मग कंपनीच्या अपडेट फाइलमधून फक्त बायोसचा भाग काढून तो आपल्याच बॅकअपमध्ये बसवायचा. यूईएफआय टूल या प्रोग्रामने ते होतं. आतलं काही बदलू नका, कारण बूट गार्ड (बायोसवरची कंपनीची डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असलेल्या इंटेल बोर्डावर ती सही जुळली नाही तर लॅपटॉप सुरूच होत नाही.

काम दुकानात दिलंत तर मूळ बॅकअपची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. ‘बॅकअप कशाला?’ असं विचारणाऱ्याकडे काम देऊ नका.

प्रश्न (मडगाव) : लॅपटॉप चालू झाला, पण निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतोय. फोटो गेले का?

उत्तर : नाहीत. तुमची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद आहे. बायोस बदललं, म्हणून कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपने ती द्यायला नकार दिला. दुसऱ्या यंत्रावरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथे रिकव्हरी की सापडतील. एकाहून जास्त असतील तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे मागा.

बायोसमधून टीपीएम क्लिअर करू नका. की टाकण्याआधी सेटिंग बघा. दुरुस्तीनंतर बायोसची सगळी सेटिंग कंपनीने दिलेल्या मूळ स्थितीत जातात, आणि सिक्युअर बूट हे सेटिंग पूर्वीसारखं केलं की कधीकधी की न मागता विंडोज सुरू होतं. की न मागता ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं आलं तर बहुधा डिस्कची सेटिंग रेड आणि एएचसीआय (डिस्क चालवण्याच्या दोन पद्धती) यांत बदलली आहे, ती जुन्यावर आणा. की कुठेच नसेल तर पैसे घेऊन ‘तोडून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

प्रश्न (नाशिक) : एवढं असेल तर बायोस अपडेट करूच नये का?

उत्तर : करावं, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. चालू बॅटरी बसवलेली हवी, अडॅप्टर जोडलेला हवा आणि बिटलॉकर आधी सस्पेंड केलेलं, म्हणजे तात्पुरतं थांबवलेलं, हवं. विंडोज अपडेटही फर्मवेअर (बायोससारखा चिपमधला प्रोग्राम) परस्पर आणतं. बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर, नवी बसेपर्यंत, बायोस सेटअपमधलं ‘यूईएफआय कॅप्सूल अपडेट’ बंद ठेवा. लेनोव्होत तेच ‘विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट’ या नावाने सापडेल.