कापसाचा सरासरी भाव जुळून काहून नाही राह्यला?

प्रश्न: नमस्कार सर, मी हिंगणघाट तालुक्यातला, गावातल्या कापूस खरेदीच्या काट्यावर हिशेब पाहतो. वही सोडून एसक्यूलाइटमध्ये (कॉम्प्युटरवर टेबलात हिशेब ठेवायचा डेटाबेस) खरेदी नावाचं टेबल केलं, त्यात पावती नंबर, गाव, वजन, भाव, अन् चुकाऱ्याचं, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या पैशाचं, टेबल वेगळं. मालक म्हणतात गावानुसार सरासरी भाव काढ, मी ग्रुप बाय गाव करून (गावागावाचे गट पाडून) एव्हीजी(भाव), म्हणजे भावाची सरासरी, लावलं तर त्यांच्या कॅल्क्युलेटरशी जुळतच नाही, अन् चुकाऱ्याचं टेबल जोडलं की वजनच फुगून येते. काय चुकून राह्यलं?

उत्तर: भाऊ, एव्हीजी बरोबरच सांगून राह्यलं, पण ते पावत्यांची सरासरी सांगते अन् मालकाले पाहिजे क्विंटलची. समजा एकानं 40 क्विंटल आणला 7000 नं, दुसऱ्यानं फरतड (शेवटचा हलका कापूस) 2 क्विंटल 6400 नं. एव्हीजी दोघांना सारखाच मान देते, म्हणून 6700 येतात. खरा पैसा झाला 2,92,800 अन् माल 42 क्विंटल, म्हणजे भाव पडला 6971 च्या वर. म्हणून असं लिहा (सम म्हणजे बेरीज): सम(वजन * भाव) * 1.0 / सम(वजन). (इथं देवनागरीत छापलं, मशीनवर इंग्रजीतच टाका बरं.) ते 1.0 फालतू नाही, वजन अन् भाव दोन्ही पूर्णांक असले तर एसक्यूलाइट भागाकारातले पैसे गुपचूप कापून टाकते.

आता एक बारीक गोष्ट, अन् माझा खरा संशय इथंच आहे. काही शेतकरी माल टाकून जातात, भाव नंतर तोडू म्हणतात, तिथं तुम्ही भावाचा कॉलम रिकामा म्हणजे नल ठेवत असाल. नलले कशानंही गुणलं तरी नलच, अन् सम त्याले सोडून देते, म्हणजे वरची बेरीज त्या मालाशिवाय होते पण खालच्या वजनात तो माल धरला जाते, मग भाव उगाच कमी दिसते. व्हेअर भाव इज नॉट नल टाका, म्हणजे भाव भरलेल्याच पावत्या धरल्या जातात, झालं.

वजन फुगते ते जॉइनमुळं, म्हणजे दोन टेबलं जोडल्यामुळं. 12 क्विंटलच्या एका पावतीचा चुकारा तीन हप्त्यात दिला की जोडल्यावर तिच्या तीन ओळी होतात अन् सम 36 दाखवते. कोणी सांगन की सम(डिस्टिंक्ट वजन) कर, तर बिलकुल करू नका, एका गावात दोघांचा माल 12-12 क्विंटल असला तर एकाचा गायबच होईन. आधी सबक्वेरीत (आतल्या वेगळ्या क्वेरीत) चुकारा पावती नंबरनं ग्रुप करून बेरीज काढा, मग ती खरेदीले लेफ्ट जॉइन करा, त्यात खरेदीची प्रत्येक पावती राह्यते; साधं जॉइन केलं तर ज्याचे पैसे अजून द्यायचेच आहेत तोच यादीतून जाते. त्याच्यापुढं नल येईन, तिथं कोॲलेस लावून शून्य करा, नाहीतर बाकी काढताना पुन्हा तीच बोंब.

100 क्विंटलच्या वरची गावंच पाहिजे असली तर ती अट हॅविंगमध्ये टाका, व्हेअर ग्रुप व्हायच्या आधी चालते, तिथं सम चालत नाही.

अन् हे सगळं करायच्या आधी एकदा सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव फ्रॉम खरेदी चालवून पाहा. वडनेर, वडणेर अन् मागं स्पेस पडलेलं वडनेर, ग्रुप बायच्या हिशेबानं ही तीन गावं आहेत.