‘डिसआर्म’ म्हणजे नक्की काय? अलार्मही डिसआर्म होतो आणि हसूही डिसआर्मिंग असतं, ते कसं?

तुमचा प्रश्न असा, की डिक्शनरीत ‘डिसआर्म’चा अर्थ ‘निःशस्त्र करणे’ दिलाय, मग दुकानातल्या अलार्मच्या पॅनेलवर हा शब्द कशाला, आणि बातमीत कुणाचं तरी हसू ‘डिसआर्मिंग’ कसं? मी ठाण्यात, नौपाड्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. माझ्या फार आवडीचं क्रियापद आहे हे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी त्याचं कर्म बघा. आपण म्हणतो, ‘पोलिसांनी दरोडेखोराकडून पिस्तूल काढून घेतलं.’ काढून घेतलं काय, तर पिस्तूल. इंग्रजी वाक्य होतं ‘द पोलीस डिसआर्म्ड द रॉबर’. इथे कर्म दरोडेखोर, पिस्तुलाचं नावसुद्धा नाही. या क्रियापदाचा रोख शस्त्रावर नाही, ज्याच्यापासून धोका आहे त्याच्यावर आहे. त्याची इजा करायची ताकद गेली, की तो डिसआर्म झाला. क्लासमध्ये मुलं हमखास ‘डिसआर्म्ड द पिस्टल फ्रॉम हिम’ लिहितात, ते चूक. पिस्तूल वाक्यात हवंच असेल तर ‘डिसआर्म्ड हिम ऑफ हिज पिस्टल’, पण बोलताना असं फारसं कुणी म्हणत नाही. उच्चारात जोर ‘आर्म’वर द्यायचा. आणि या ‘आर्म’चा दंडाशी थेट संबंध नाही. दंडाचा ‘आर्म’ इंग्रजीचा जुना घरचा शब्द, शस्त्रांचा ‘आर्म्स’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला.

इतिहासातलं एक उदाहरण मी नेहमी देतो. १० मे १८५७ ला मेरठला उठाव झाला. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतल्या देशी पलटणींनी तेव्हा काहीच केलेलं नव्हतं. तरी १३ मे रोजी सकाळच्या परेडला त्यांना उभं केलं, समोर भरलेल्या तोफा होत्या, आणि बंदुका खाली ठेवायचा हुकूम सुटला. इंग्रजी पुस्तकांत याला ‘द रेजिमेंट्स वेअर डिसआर्म्ड’ असं म्हणतात. लक्षात घ्या, शिपायांचा गुन्हा घडलेला नव्हता. पुढे काही करू शकतील ती ताकदच आधी काढून घेतली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हेच सगळ्या देशाला लागू केलं: हिंदुस्थानी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागायचा, युरोपियनांना सूट. त्या काळच्या आपल्या पुढाऱ्यांना हा कायदा एवढा का झोंबला, ते या एका क्रियापदात कळतं.

बॉम्ब आणि सुरुंग यांनाही डिसआर्म करतात. आपल्या वर्तमानपत्रांचा ‘निकामी केला’ हा शब्द तिथे अगदी चपखल बसतो. ‘डिफ्यूज’ही याच कामाला वापरतात, त्याचा मूळ अर्थ फ्यूज काढणे. तणाव निवळवला तरी डिफ्यूजच म्हणतात.

आता तुमचा अलार्म. ‘आर्म’ करणे म्हणजे सज्ज करणे, चाहूल लागताच उसळेल अशा स्थितीत ठेवणे. राम मारुती रोडवरचं एखादं सराफाचं दुकान सकाळी उघडताना बघा. शटर वर जातं, आत पॅनेल टूंटूं करायला लागतं, आणि ठरावीक सेकंदांत कोड दाबला नाही तर सायरन सगळा रस्ता गोळा करतो. कोड दाबला की पडद्यावर ‘डिसआर्म्ड’ येतं. म्हणून यंत्र बंद झालं असं नव्हे. वीज चालू असते, बॅटरी चार्ज होत असते, धुराचा सेन्सर आणि काउंटरखालचं पॅनिक बटण बहुतेक ठिकाणी तसंच जागं राहतं. फक्त दार उघडलं, कुणी हललं, तर आता ते बोंबलणार नाही. तेव्हा दुकानात नवा मुलगा आला तर त्याला ‘डिसआर्म कर’ आणि ‘बंद कर’ यातला फरक जरूर सांगा, मेन स्विच पाडून बसेल. विमानाच्या दारांचंही असंच. उड्डाणाआधी दारं ‘आर्म’ करतात, म्हणजे दार उघडलं तर घसरगुंडी आपोआप फुगते. उतरल्यावर ती डिसआर्म करूनच प्रवाशांना सोडतात.

कर्माशिवायही हे क्रियापद चालतं. एखादा देश ‘डिसआर्म्स’ म्हणजे आपली शस्त्रं आपणच खाली ठेवतो. दक्षिण आफ्रिकेने अण्वस्त्रं बनवून मग स्वतःच मोडीत काढली आणि १९९१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली. ‘डिसआर्मामेंट’ म्हणजे निःशस्त्रीकरण, हे नाम याच क्रियापदातून आलं.

आणि ते हसू. समजा, घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत टँकरच्या बिलावरून सभा तापलीय. लोक कागद घेऊन, आवाज चढवून तयार. सेक्रेटरी उठतात आणि पहिलंच वाक्य बोलतात, ‘हिशेब वेळेवर लावायला हवा होता, चूक माझी आहे.’ झालं. तापलेल्या माणसाच्या हातात भांडायला काही उरत नाही. यालाच ‘डिसआर्मिंग ऑनेस्टी’ म्हणतात. इथेही कर्म माणूसच आहे, फक्त त्याचं शस्त्र म्हणजे त्याचा राग किंवा संशय. ‘डिसआर्मिंग स्माइल’ला मराठीत मी ‘लाघवी हसू’ म्हणेन. काही भाषांतरांत ‘निरुत्तर करणारं’ असतं, ते मला पटत नाही. निरुत्तर झालेला माणूस आतून धुमसतच राहतो, डिसआर्म झालेल्याचा राग खरोखर विरघळतो. मात्र गोड बोलून गंडवणारेही असेच डिसआर्मिंग असतात. शब्दात कौतुक आहे, खात्री नाही.

परीक्षेसाठी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. ‘अनआर्म्ड’ आणि ‘डिसआर्म्ड’ दोन्हींना मराठीत आपण ‘निःशस्त्र’च म्हणतो, म्हणून तिथे गुण जातात. ज्याच्याकडे शस्त्र नाही तो अनआर्म्ड, ज्याच्याकडे होतं आणि काढून घेतलं तो डिसआर्म्ड. लाठीसुद्धा न घेता उभा असलेला ट्रॅफिक हवालदार अनआर्म्ड. मियाँ मीरचे शिपाई डिसआर्म्ड.