लग्नाआधी डोळ्याचे सांगावे का?

देवगडजवळच्या एका गावातील २९ वर्षांच्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या लिहितात : “ताई, मी दोन वर्षांची असताना कर्करोगामुळे माझा डावा डोळा मुंबईत काढावा लागला. उजवा डोळा चांगला आहे. सध्या स्थळे येत आहेत, पण लग्न जमेपर्यंत कोणाजवळ बोलायचे नाही, असे आई बजावते. कोणाला कळू नये म्हणून बारावीनंतर मी डॉक्टरांकडेही गेले नाही. बनावट डोळा तेव्हाचाच आहे आणि त्यातून चिकट पाणी येत राहते. मी पोटात असताना ग्रहणात आपण विळी धरली म्हणून हे झाले, असे आई अजून म्हणते. मला मूल झाले तर त्यालाही हे होईल का?”

प्रिय भगिनी,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर हाती आल्याशिवाय बाकीचे निर्णय नुसत्या अंदाजाने घ्यावे लागतील. लहानपणी होणारा दृष्टिपटलाचा हा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक वेळा आरबी१ नावाच्या जनुकातील बदलामुळे होतो. ज्यांचा एकच डोळा बाधित होतो, त्यांच्यापैकी बहुतेकांत हा बदल त्या डोळ्यातील गाठीपुरताच असतो आणि तो मुलांकडे जात नाही. मात्र अशा १०० जणांमागे सुमारे १५ जणांच्या शरीरात तो जन्मापासूनच असतो, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुम्ही यांपैकी कोणत्या गटात आहात, हे रक्ताच्या जनुकीय तपासणीवरून बऱ्याच अंशी समजते. तो बदल तुमच्यात सापडला, तरी आई होण्याचा मार्ग बंद होत नाही. बाळाचे डोळे जन्मानंतर लगेच आणि पुढे काही वर्षे ठरावीक अंतराने तपासून घेतले, तर गाठ लहान असतानाच सापडते आणि लेझरने किंवा अतिशीत उपचाराने पुष्कळदा डोळाही वाचवता येतो.

या तपासणीचा संबंध तुमच्या स्वतःच्या प्रकृतीशीही आहे. जन्मजात बदल असलेल्यांना पुढील आयुष्यात हाडांचा, स्नायूंसारख्या मऊ ऊतींचा आणि त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि लहानपणी किरणोपचार झाले असतील तर तो आणखी वाढतो. म्हणून हाडावरची न उतरणारी सूज किंवा न थांबणारे दुखणे मुरगळल्याचे समजून तेल चोळत बसू नये, आणि घरात मशेरी भाजली जात असेल तर तिला तुम्ही हात लावू नये. लपवण्यामुळे तुमचे खरे नुकसान झाले आहे ते इथे : शेजाऱ्यांना कळू नये म्हणून डॉक्टरांनाही अकरा वर्षे काही कळले नाही.

आता लग्नाविषयी. माझे मत असे, की सांगावे, आणि साखरपुड्याच्या आधी सांगावे. पहिल्याच भेटीत पोह्यांच्या बशीबरोबर हा विषय काढण्याची गरज नाही; पण दोन्हीकडून पसंतीचा कल दिसू लागला, की मध्यस्थावर न सोपवता तुम्ही स्वतः त्या मुलाला सांगा, की दोन वर्षांची असताना मला कर्करोग झाला होता, डावा डोळा बनावट आहे, मी नोकरी करते आणि मुलांविषयीची तपासणी करून घेतली आहे. हे ऐकून कोणी मागे फिरला, तर त्या दिवशी तुम्हाला दुःख होईल, आणि ते दुःख लहान आहे असे मी म्हणणार नाही. परंतु लग्नानंतर रोज दार लावून डोळा स्वच्छ करायचा आणि बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे का न्यायचे याचे खोटे कारण शोधायचे, हा संसार त्याहून फार कठीण आहे.

बनावट डोळ्याला लोक काचेचा म्हणतात, पण आता तो बहुधा ॲक्रिलिकचा असतो. त्यावर बारीक ओरखडे पडतात, त्यांत स्राव साचतो आणि खोबण चुरचुरू लागते, म्हणून दर वर्षी तो तज्ज्ञाकडून घासून घ्यावा लागतो आणि साधारण पाच वर्षांनी बदलावा लागतो. तुमचे चिकट पाणी बहुधा त्यामुळेच येत असेल, तरी डॉक्टरांनी खोबणही तपासायला हवी. तो सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा, स्पिरिट लावू नये. उजव्या डोळ्याला मात्र तुम्ही जिवापाड जपा. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा चष्मा नेहमी लावा. नारळ सोलताना, दुचाकीवरून जाताना, आणि काजू भाजताना तर नक्कीच, कारण टरफलातले तेल किती लांब उडते हे तुम्हाला ठाऊक आहे. पाखाडी उतरताना संध्याकाळी पायऱ्यांच्या सावल्या नाहीशा होतात आणि एका डोळ्याला खोली कळत नाही. तेव्हा बॅटरी जवळ ठेवा.

आईचे मन मात्र माझ्याने सोडवत नाही. ग्रहणाने किंवा विळीने हा रोग होत नाही. जनुकातला तो बदल तिच्या कोणत्याही कृतीने घडलेला नाही. त्या माउलीने सत्तावीस वर्षे हा दोष स्वतःकडे घेतला आहे, आणि तुम्हाला गप्प राहायला सांगण्यामागे तो दोष उघडा पडण्याचे भयही असेल. हे तुमच्या तोंडून तिला पटले नाही, तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी १९९१ पासून स्वतंत्र तपासणी विभाग चालतो. तिथे जाताना तुमच्या शस्त्रक्रियेचे आणि उपचारांचे जुने कागद लागतील. ते कुठे आहेत हे आईलाच विचारा, आणि तिला सोबत घेऊन जा.

तुमची ताई